पुढील हुकूम होईपर्यंत

बिरोबाच्या जत्रेच्या दिवशी एडक्याला न्हाऊ कुणी घालायचं, यावरून ज्ञानबाच्या घरात सकाळीच खटका उडाला. ज्ञानबा म्हणाला, मी घालतो. त्याच्या बायकोनं, गोजाबाईनं, पाण्याची घागर उचलून घरात नेली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. एडका द्यायचाच नाही, तर न्हाऊ घालायचं कशाला, हे तिचं म्हणणं. आठ दिवस हेच चाललं होतं, सासू-सून एका बाजूला आणि म्हातारा एकटा एका बाजूला. एरवी ह्या दोघी चुलीत लाकूड कोणतं घालायचं यावरूनसुद्धा भांडायच्या, पण एडक्याची गोष्ट निघाली की दोघींचं तोंड एक व्हायचं. सून केराबाई हिनं दावं लपवलं होतं आणि सासूनं सुरी. ज्ञानबाला दोन्ही सापडलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं.

नवस मात्र गोजाबाईचाच होता. सात वर्षांपूर्वी, चौदा साली, थोरला सिद्धनाथ पलटणीत नाव घालून सोलापुराहून आगगाडीनं गेला, त्याच आठवड्यात तिनं बिरोबापुढं पदर पसरला. पोराची सात वर्षांची बोली आहे, बोली पुरी झाली की येणाऱ्या जत्रेत त्याच्या नावचा एडका देईन, त्याला सुखरूप घरी आण. त्या दिवशी जन्मलेलं एक कोकरू तिनं देवाच्या नावानं राखलं. तोंड काळं, कपाळावर पांढरा ठिपका. उजव्या कानाला चीर दिली. वस्तीवरची माणसं त्याला थट्टेनं शिपाई म्हणू लागली, आणि मग तेच त्याचं नाव पडलं. सिदू तिकडं समुद्रापार बसऱ्याला, शिपाई इकडं मेंढरांच्या वाडग्यात, आणि दोघांनाही काम एकच, उभं राहायचं, असं म्हणून लोक हसायचे.

गेल्या कार्तिकात सिदूचं पत्र आलं होतं, दुसऱ्या कुणाच्या हातचं, पण बोलणं सिदूचंच. चैत्रात माझी बोली भरते, बिरोबाच्या जत्रेला मी आलोच म्हणून समजा. त्यानंतर चार महिने काही नाही. मग फाल्गुनात, मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी, एक छापील कागद हातात आला. शाळामास्तरांनी तो दोनदा वाचला. लष्करी निकडीमुळे शिपाई सिद्धनाथ ज्ञानबा याची मुदत पुढील हुकूम होईपर्यंत वाढविण्यात आली आहे. सगळं छापलेलं, फक्त नाव तेवढं शाईनं भरलेलं. सिदूचा अंगठा नाही, आईला दंडवत नाही.

"हुकूम कोण करणार?" गोजाबाईनं विचारलं.

"सरकार."

"आन् कवा?"

मास्तरांनी कागद उलटून पाहिला. मागं काही लिहिलेलं नव्हतं.

वस्तीवरचे थट्टेखोर लगेच म्हणाले, मग शिपायाचीपण मुदत वाढली म्हणा की. गोजाबाईला त्यात थट्टा दिसलीच नाही. तिनं ते वाक्य गाठीला बांधून ठेवलं. पोरगा घरी येण्याचा नवस होता, पोरगा आला नाही, मग एडका कसला? ज्ञानबा रोज तेच उत्तर द्यायचा. "तू सात वर्सं बोललीस. सात वर्सं भरली. सरकारनं मुदत वाढवली ती सरकारनं. देवानं कुटं वाढवून दिलीया?"

शेवटी वाद मोडला तो आक्कानं. म्हाळसाबाई ही ज्ञानबाची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून भावाकडं असायची, आणि लहानथोर सगळे तिला आक्का म्हणायचे. ती कधी कुणाच्या बाजूला नसायची, ती सगळ्यांच्या विरुद्ध असायची. ती उठली, गोजाबाईच्या हातातली घागर काढून घेतली आणि म्हणाली, "द्यायचं का न्हाय हे तुमी कोण ठरवनार? देवापुढं उभा करा. पाट झाडली तर देवानं घेतला. न्हाय झाडली तर आना माघारी. त्यात भांडायचं काय हाय?"

त्यात खरंच भांडायचं काही नव्हतं. रीतच ती होती. जनावराच्या पाठीवर पाणी आणि भंडारा टाकायचा. त्यानं अंग झाडलं तर देवाला मान्य. नाही झाडलं तर सुरी चालवायची नाही. लोकर भिजली की मेंढरू अंग झाडणारच, त्याला देव कशाला लागतो, असं धाकटा गुंडा लहानपणी एकदा बोलला होता आणि त्याबद्दल आक्काच्या हातची थप्पड खाल्ली होती. पण खरं तेच होतं. तीन तांब्यांच्या वर कुठल्या एडक्यानं वाट पाहायला लावल्याचं वस्तीवर कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

माळावर जाताना केराबाई सगळ्यांच्या मागं चालली होती. तिचा संसार चाळीस दिवसांचा. लढाई संपल्यावर, एकोणीस साली, सिदू दोन महिन्यांच्या रजेवर आला, विसाव्या दिवशी लग्न झालं, आणि उरलेले चाळीस दिवस संपल्यावर तो गेला. आता त्याचं तोंड तिला नीट आठवत नव्हतं. डोळे आठवले की नाक निसटायचं. एडक्याचं तोंड मात्र रोज समोर असायचं. तो उभा आहे तोवर माणूस उभा आहे, अशी तिनं मनाशी गाठ मारून ठेवली होती. त्यानं अंग झाडू नये, एवढंच तिचं मागणं होतं, आणि देवाकडं जाताना देवाच्या विरुद्ध काही मागावं लागतंय ह्याची तिला भीती वाटत होती.

बिरोबाला देऊळ असं नाहीच. माळावर एक लिंब, त्याखाली शेंदूर फासलेला दगड, भोवती दगडांचा कमरेएवढा गडगा. सकाळपासून ढोल वाजत होते आणि भंडाऱ्यानं जमीन पिवळी झाली होती. ज्ञानबाच्या घरची पाळी आली तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. घरच्या पोरानं शिंगं धरायची, म्हणून गुंडा पुढं झाला. पुजारी भीमाशंकर अक्कलकोटाकडचा, बोलायचा मराठीत आणि देवाशी कानडीत. त्यानं काहीतरी पुटपुटत एडक्याच्या पाठीवर पहिला तांब्या ओतला आणि वर मूठभर भंडारा टाकला.

एडका उभा राहिला.

दुसरा तांब्या झाला. तिसरा झाला. बघे हसत होते, शिपाई हाय बाबा, हुकमाशिवाय हलायचा न्हाय, असं कुणी म्हणालं. सातव्या तांब्याला हसणं बंद झालं. नवव्याला ढोलवाल्यानं आपणहून हात थांबवला.

पाणी लोकरीत मुरत नव्हतं. पाठीवरून सरळ खाली ओघळत होतं, आणि पिवळा चिखल चारी पायांभोवती साचत होता. एडका पश्चिमेकडं तोंड करून उभा होता. कान हलत नव्हता, शेपूट हलत नव्हती, तोंडात रवंथ नव्हता. माशा सगळ्यांच्या अंगावर बसत होत्या, देवाच्या दगडावर बसत होत्या, त्याच्यावर एकही नव्हती. गुंडाच्या हातात शिंगं होती. पायाखालचा दगड इतका तापलेला की पाय ठरत नव्हता, आणि शिंगं मात्र आडातल्या दगडासारखी गार. त्यानं हळूच गुडघा एडक्याच्या बरगडीला लावला. श्वास लागतो का ते त्याला बघायचं होतं. लागत होता, पण फार लांबून यावा तसा.

बाजूला बांधलेली इतर घरांची जनावरं मघाशी ओरडत होती, तीही गप्प झाली होती. ती सगळी ह्याच्याकडंच बघत होती. एकेक करून माणसं मागं सरकली, आणि लिंबाखाली ज्ञानबाचं कुटुंब, पुजारी आणि तो एडका एवढेच राहिले.

भीमाशंकरानं रिकामा तांब्या खाली ठेवला. "माझ्या हातनं असं कधी झालं नाही," तो म्हणाला. "नवसात काय तरी दाबलेलं हाय. घरातल्या कुणी काय मनात ठेवलं असंल तर बोला. देव थांबलाय."

आक्कानं लगेच भावजयीकडं बघितलं. तिची नजर नेहमी आधी तिकडंच जायची. पण ज्ञानबाही तिकडं बघत होता, कारण नवस तिचा होता. गोजाबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. तिला कळलं होतं की तिची पाळी आहे. दोन वर्षं तिनं ती गोष्ट गिळली होती. रोज भाकरी थापताना ती वर यायची आणि रोज ती पुन्हा गिळायची.

"रजेवर आला तवा," ती म्हणाली, "जायच्या आदल्या दिशी सिदू माझ्याजवळ बसला. म्हणाला, आये, मी जात न्हाय. मामाच्या मेंढरांसंगं खाली विजापूरकडं जातो, वरीस दोन वरीस कुनाला दिसत न्हाय. रडत हुता. मीच म्हनले, जा. पोलीस येत्याल, घराचं नाव जाईल. पाच वर्सं काढलीस, दोनच तर राह्यल्यात."

ज्ञानबा बायकोकडं पाहत राहिला. पोरगा रडला होता हे त्याला आजवर माहीत नव्हतं. त्याला वाटायचं सिदू छाती काढून गेला, आणि चार माणसांत तो तसंच सांगायचा. आता दोन वर्षांचं ते सांगणं त्याला तोंडात माती गेल्यासारखं वाटलं. त्यानं स्वतः तांब्या भरला आणि एडक्याच्या पाठीवर ओतला.

एडका हलला नाही.

पण केराबाई हलली. आठ दिवस जिच्या खांद्याला खांदा लावून ती उभी होती, त्या सासूकडं ती अशी बघायला लागली की गुंडानं मान वळवली. चाळिसाव्या दिवशी सकाळी सिदू अंगणात उभा राहून पट्टा बांधत होता, त्याचे डोळे सुजलेले होते, आणि तिनं विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, धुरानं. चुलीचा धूर. ती चूल तिनं पेटवली होती म्हणून दोन वर्षं ती स्वतःला बोल लावत होती, की शेवटच्या दिवशी सुद्धा आपल्याला धड चूल पेटवता आली नाही.

"आत्या," ती म्हणाली, "मला का न्हाय सांगितलं? मी लपवलं असतं त्यास्नी. माझ्या बापाच्या मेंढरांत लपवलं असतं. मला सगळं लपवता येतं."

"तू काय लपवलंस?" आक्कानं चटकन विचारलं.

केराबाईनं एक पाऊल पुढं टाकलं. राग होता तोवर बोलून टाकावं, राग गेला की बोलता येणार नाही, हे तिला समजत होतं.

"ह्यो तो एडका न्हाय," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं, आणि जे सांगितलं ते असं. मार्गशीर्षात ज्ञानबा आणि गुंडा मेंढरं घेऊन भीमेकाठी गेले होते. गोजाबाई आणि आक्का मंद्रूपच्या बाजाराला गेल्या होत्या. घरी केराबाई आणि वाडग्यात शिपाई. उजाडल्यावर ती चारा घेऊन गेली, तर तो कुंपणाला अंग टेकून उभा होता. हाक मारली तर बघेना. हात लावला तर लाकडासारखा. उभ्याउभ्या मेला होता, पाय ताठ, तोंड पश्चिमेकडं, डोळे उघडे. ती ओरडलीसुद्धा नाही. नवसाचं जनावर आपोआप मेलं म्हणजे ज्याच्यासाठी नवस केला त्याचं काय झालं, हा प्रश्न तिला पडायच्या आत ती माहेरी पळत सुटली होती, दोन कोस. तिच्या बापाच्या कळपात एक काळ्या तोंडाचा होता, कपाळावर ठिपका असलेला. बापानं एक शब्द विचारला नाही. बापलेकीनं तो आणला, जुना ओढ्यात पुरला, आणि नव्याच्या कानाला तिनं विळ्यानं चीर दिली. तो ओरडला नाही, तेव्हाही नाही. पुरुष माणसं परत येईपर्यंत जखम भरली होती.

बोलून झाल्यावर तिनं डोळे मिटले आणि थोबाडीत बसायची वाट पाहिली. कुणी मारलं नाही. कुणी दचकलंसुद्धा नाही. तिनं डोळे उघडले तर सासरा जमिनीकडं बघत होता.

"ठावं हाय," ज्ञानबा म्हणाला.

"मामा?"

"धनगराला मेंढराचं तोंड वळखत न्हाय व्हय? भीमेवरनं आलो त्याच सांजंला बघितलं. त्याचा ठिपका लांबडा हुता. ह्याचा गोल हाय."

"मग बोलला का न्हाईसा?"

"काय बोलू? एडका कुटं गेला म्हनलं असतं, तर सिदू कुटं गेला तेबी इचारावं लागलं असतं."

गोजाबाईलाही माहीत होतं. बाजारातून आली तेव्हा एडक्यानं तिच्या हातचा पाला खाल्ला नव्हता, दुसऱ्या घरातल्या पोरासारखा मागं सरकला होता. तिनं त्याच वेळी ओळखलं आणि त्याच वेळी शिपाई, शिपाई म्हणून त्याला मोठ्यानं हाक मारली होती, म्हणजे ऐकणाऱ्या सगळ्यांना पटावं, देवालाही पटावं. गुंडालाही माहीत होतं. जन्मात पहिल्यांदा आक्का खालच्या आवाजात म्हणाली, "मला वाटलं, मला एकलीलाच कळलंय."

चार महिने हे पाच जण एकाच ताटलीतून मीठ घेत होते आणि प्रत्येक जण तो एडका तोच आहे असं बाकीच्या चौघांना भासवत होता. ज्ञानबा त्याला शिपाई म्हणायचा, गोजाबाई म्हणायची, आणि केराबाईला वाटायचं आपण सगळ्यांना फसवलं. बिचारी फसली तेवढी तीच. लिंबाखाली त्या क्षणी त्यांना एकमेकांबद्दल जी माया वाटली, ती त्या घरात आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटायची नव्हती.

"नवसाचं जनावर मेलं तर बदली देत्यात," ज्ञानबा पुजाऱ्याला म्हणाला. आता तो घरासाठी बोलत होता, सुनेला पाठीशी घालून. "जुनी रीत हाय. देव बदली घेतो."

"हौदु, व्हय, घेतो," भीमाशंकर म्हणाला. "मनात काळं नसलं तर घेतो. आता सांगून टाकलंय. आता घेईल."

त्यानं दगडावरचा भंडारा उचलून एडक्याच्या कपाळावर लावला, त्या गोल ठिपक्यावर, आणि पाणी ओतलं. सगळे वाट बघत राहिले. केराबाईनं आता काय मागावं हेच तिला कळेना, म्हणून ती नुसती बघत राहिली. लिंबाची सावली पायाशी गोळा झाली होती. वारा नव्हता. एडका होता तसाच उभा राहिला, आणि त्याच्या अंगावरचं पाणी उन्हात हळूहळू वाळून गेलं.

आता मात्र सगळेच भ्याले. मघापर्यंत आपली चूक आपल्याला माहीत होती. जी माहीत नाही ती चूक कुठं शोधायची? भीमाशंकर एकेकाच्या तोंडाकडं बघत गेला. ज्ञानबा झाला, गोजाबाई झाली, केराबाई झाली. आक्का म्हणाली, माझ्याकडं काय बघतोस, माझं सगळं तोंडावर असतं, आणि ते खरंच होतं. मग त्याची नजर शिंगं धरून उभ्या असलेल्या गुंडावर येऊन थांबली.

गुंडाला वाटलं होतं हे सोमवारपर्यंत लपेल. वीस वर्षांचा, घरातला सगळ्यात हसरा पोरगा, आणि तितकाच सरळ. आपण केलं ते चांगलंच केलं अशी त्याची खात्री होती, म्हणून त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नव्हतं. पण हातातली शिंगं इतकी गार झाली होती की बोटं दुखायला लागली.

"मीबी बदली दिलीया," तो म्हणाला.

"कसली?"

"दादाची. पंधरा दिसाखाली घोंगड्या घेऊन सोलापुरात गेलतो न्हवं? तितं भरतीवाले बसले हुते. हवालदाराला ह्यो छापील कागद दावला. म्हनलं, ह्यो माझा भाऊ. ह्याची बोली भरली, घरी बायकू हाय. ह्याला सोडा, त्याच्या जागी मी उभा ऱ्हातो." तो वहिनीकडं बघून जरासा हसला. "वैनीनं एडका बदलला आन् त्येच्यानंतर दादाचा कागद आलाच की. म्हंजी दादा हाय. म्हंजी बदली चालती. मग मी म्हनलं, मानसाचीबी चालत असंल."

मग ज्ञानबानं फार हळू विचारलं, जसं दगावणाऱ्या जनावराजवळ बोलतात तसं.

"काय म्हनले?"

"छाती मोजली. अंगठा घेतला. सोमवारी या म्हनले."

"आन् सिदूचं?"

"मान हलवली."

"कागदावर लिवलं का?"

"मान हलवली न्हवं," गुंडा पुन्हा म्हणाला.

"कशी हलवली मान? दाव."

गुंडानं मान हलवून दाखवली. ती हो होती की नाही होती, हे कुणालाच कळलं नाही, बहुधा गुंडालाही. ज्ञानबा खाली बसला. सरकार बदली घेत नसतं हे त्याला कळायला साठ वर्षं पुरली होती, पण ते पोराला कधी शिकवायचं राहून गेलं होतं. घरात देवाच्याच रीती शिकवल्या होत्या.

"सरकार बदली घेत न्हाय, पोरा," तो म्हणाला. "सरकार आदी एक घेतं. मग दुसरं घेतं."

आणि एडक्यानं अंग झाडलं.

पाणी कुणी टाकलं नव्हतं. मघाचं केव्हाच वाळलं होतं. तरी त्यानं नाकाच्या शेंड्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं, सावकाश, घाई नसल्यासारखं, आणि थेंब उडाले. गुंडाच्या तोंडावर उडाले, ज्ञानबाच्या पागोट्यावर उडाले. गुंडानं मनगटानं डोळे पुसले आणि मनगटाकडं बघितलं. ते ओलं होतं.

"घेतलं," भीमाशंकर ओरडला. त्याचा आवाज चिरकला. ढोलवाल्यानं टिपरू मारलं, आणि सगळी मेंढरं एकदम ओरडायला लागली.

आक्का हात जोडून म्हणत होती, देवानं बदली मान्य केली, देवानं बदली मान्य केली. कुठली, हे तिनं सांगितलं नाही. पुजारी सुरी मागत होता. गुंडाच्या हातात अजून शिंगं होती, आणि ती आता कोमट झाली होती, चारचौघा एडक्यांसारखी, म्हणून तो सुटका झाल्यासारखा हसत होता. गोजाबाई धावली आणि तिनं त्याची बोटं एकेक करून शिंगांवरून सोडवायला घेतली. सोड, ती म्हणत होती, सोड, तू धरू नगंस, दुसरं कुणीबी धरू द्या. त्याला वाटलं आई एडक्यासाठी रडतेय. तो म्हणाला, आये, घरच्या पोरानंच धरायचं असतं की.

गोजाबाईनं मदतीसाठी मान वर केली. आठ दिवसांच्या सवयीनं तिनं आधी सुनेकडं बघितलं.

केराबाई एडक्याकडं बघत नव्हती. गुंडाकडंही नाही. ती खाली माळावरून सोलापुराकडं जाणाऱ्या वाटेकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे आलं होतं ते दोन वर्षांत सासूनं कधी पाहिलं नव्हतं. तिला कोण दिसत होतं ते विचारायची गरज नव्हती. बहुधा नाक, डोळे, सगळं एकदम जागेवर आलं होतं. म्हाताऱ्यानं काय सांगितलं ते तिनंही ऐकलं होतं, आणि तिला ते खरं वाटत नव्हतं. देवानं घेतलं, म्हणजे तो सुटला. एकाच्या जागी एक.

मग तिला सासूची नजर जाणवली.

गोजाबाईनं गुंडाची बोटं सोडली नाहीत. ती जिथं होती तिथूनच बोलली, ढोलाच्या आवाजात फक्त सुनेला ऐकू जाईल इतपत.

"केरा, तुला एकच हाय. मला दोन हायती."

केराबाईनं तोंड झाकायला पदर ओढला, पण उशीर झाला होता. सोमवार चार दिवसांवर होता आणि त्यानंतर ह्या दोघींना एकाच चुलीपुढं बसायचं होतं, किती वर्षं ते कुणीच सांगू शकत नव्हतं. तिनं निदान मान तरी खाली घालायला हवी होती. तिनं प्रयत्न केला, पण डोळे पुन्हा त्या वाटेकडंच गेले.